कुडात खोचलेल्या गोळ्या

कॉलेजनं दिलेल्या कागदांच्या यादीत सगळ्यात खाली फिटनेस लिहिलं होतं आणि मला वाटलं तेच सगळ्यात सोपं. बाकीचे दाखले गोळा करताना जीव गेला होता. बारावीचा, जातीचा, लग्नाआधीचं नाव नि लग्नानंतरचं नाव एकाच बाईचं हाय असं स्टँपपेपरवर लिहून घेतलेला, मधली तीन वर्षं शिकले नाय त्याचा वेगळा. ते सगळं झालं. फिटनेसला काय, डॉक्टर छातीला नळी लावणार नि सही करणार, असं मनात धरून मी पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथं बोटाला सुई टोचली, रक्त काढलं, तासाभरानं चिठ्ठी आली. डॉक्टरनं चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं, मग परत चिठ्ठी.

"हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा," तो म्हणाला. "चढताना दम लागतो?"

"नाय," मी म्हटलं.

आता आमची वाडी डोंगरावर. फाट्यावर एसटीतून उतरलं की तासभर चढायचं, तेवढ्यात मी चार ठिकाणी बसते, आणि हे मला आजार वाटत नव्हतं, वाडीतल्या सगळ्याच बाया बसतात, बसायचे दगड पण ठरलेले हायत. डॉक्टरनं माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली.

"मूल आहे ना तुला? गरोदरपणात लाल गोळ्या दिल्या असतील. खाल्ल्यास का?"

"खाल्ल्या," मी म्हटलं. एका खुर्चीवर बसून दुसरं खोटं.

तो म्हणाला, "नर्सिंगला चाललीयेस. वॉर्डात तासन्‌तास उभं राहायचंय. या रक्तावर मी सही करणार नाही. कॉलेज कधी सुरू?"

सहा आठवडे होते. फिटनेसचा कागद कॉलेज सुरू व्हायच्या आत दिला तर चालेल, नायतर जागा दुसऱ्याला, असं कॉलेजनं आधीच सांगितलं होतं. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, दहाच्या वर आलं की सही, तीन आठवड्यांनी एकदा दाखवून जा म्हणाला. मी बाहेर आले नि बाकावर बसले.

शाळा माझी अर्धीच झाली म्हणायची. सायन्स घेतलं ते बरोबरच्या मुलीनं घेतलं म्हणून, आणि बारावीची परीक्षा दिली ती साखरपुडा झालेल्या बोटांनी. फिजिक्सला कशीबशी पास. त्या उन्हाळ्यात लग्न, पुढच्या वर्षी मुलगी. इंग्रजी मला वाचता येतं, पण वाचून झालं की काय वाचलं ते सांगता येत नाय. तरी नर्सिंगची सीईटी दिली. नवऱ्यानं फॉर्म भरला, मोबाईलला रेंज येते तिथं पाण्याच्या टाकीवर बसून. हे महाडला एमआयडीसीत कामाला हायत, शिफ्टनं जातात, मोटारसायकल फाट्यावरच्या दुकानाच्या पडवीत लावून वर चालत येतात. मला नंबर लागला तेव्हा म्हणाले, "आता आजारी पडायला हरकत नाय. घरचीच सुई." आणि मग रडले, पण ते सांगायचं नाय असं ठरलंय आमचं.

नर्सिंगच का, तर मुलीच्या वेळची गोष्ट. कळा सुरू झाल्या तेव्हा खालच्या उपकेंद्रातली सिस्टर चढून वर आली होती, चिखलातून, चपला हातात घेऊन. चौघांनी मला डोलीत घातलं, आणि ती उतरणभर डोलीच्या बाजूनं चालत होती, माझं मनगट धरून, सांगत होती आता श्वास घे, आता सोड, आता परत घे. खाली पोचल्यावर मुलगी झाली. नंतर मला आठवायचं ते कळा नाय आठवायच्या, ते मनगट आठवायचं. मला वाटायचं आपल्याला असं कोणाचं मनगट धरता येईल का.

आणि त्याच सिस्टरच्या गोळ्या मी खाल्ल्या नव्हत्या.

दर महिन्याला ती लाल गोळ्यांची पाकिटं हातात द्यायची, वहीत सही घ्यायची. पहिल्यांदा पाकिटं घेऊन घरी आले तेव्हा सासू भाकरी थापत होती. तिनं बघितलं, हात थांबला.

"घे बाय देते तर. नाय म्हणू नको, चढून येते बिचारी, वाईट वाटंल तिला," ती म्हणाली. "पण खाव नको."

"का आई?"

"पोर पोटात मोठं होतंय त्यानं. हितनं डोलीत जायचं हाय तुला."

एवढंच. सासू माझी जास्त बोलणारी नाय. शेळ्यांशी बोलते तेवढंच. मी विचारलं नाय परत. बारावी सायन्स झालेली मी, पुस्तकात हिमोग्लोबिनचा धडा होता, त्यात लोखंडाचं काम लिहिलेलं होतं, ते पाठ करून मी मार्कपण घेतले होते. पण धड्यातलं रक्त वेगळं नि घरातली सासू वेगळी. घरात सासूचं ऐकायचं असतं. मी पाकिटं शेळ्यांच्या गोठ्यात नेली आणि कारवीच्या कुडात, भिंतीतल्या दोन काठ्यांच्या मधे खोचली. दर महिन्याला आधीच्या जागेच्या जरा खाली. वरून शेणानं सारवलं की दिसत नसे.

आता डॉक्टरच्या नव्या गोळ्या घेऊन घरी आले तर सासूनं त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून शेळ्यांना पाला टाकायला गेली. खाव नको म्हणाली नाय, खा पण म्हणाली नाय. मी ठरवलं, आता कोणाचं ऐकायचं नाय, गोळी चुकवायची नाय. रोज सकाळी भाकरी झाली की चुलीवरचा कोरा चहा वाटीत ओतायचा, त्याबरोबर गोळी गिळायची. आमच्याकडं कुठलीही गोळी चहाबरोबरच घेतात, तापाची असो नायतर डोक्याची. पाण्याबरोबर गोळी घेतली तर ती पोटात गार पडते म्हणतात.

मधल्या वेळात मुलीला आजीकडं झोपायची सवय लावायची होती. दोन वर्षांची हाय ती. पहिल्या दोन रात्री ओरडली, तिसऱ्या रात्री सासूचं कानातलं मुठीत धरून झोपली आणि मी या बाजूला जागी. सोडून जायची सवय तिला लावत होते की मला, काय कळत नव्हतं. हॉस्टेल पनवेलच्या पुढं, महिन्यातून एकदा येता येईल, तेपण सुट्टी जुळली तर.

तीन आठवड्यांनी परत पोलादपूर. चिठ्ठी आली सात पॉइंट नऊ.

"गोळ्या घेतेस ना?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज घेते. एकपण चुकली नाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं त्याला खरं वाटत नाय. आधी खोटं बोलले तेव्हा त्यानं ऐकून घेतलं होतं, आता खरं बोलत होते तर असा बघत होता. "तीन आठवडे उरले," तो म्हणाला. "बघ बाई. जागा तुझी आहे." चढताना त्या दिवशी मी चारच्या जागी सहा वेळा बसले. मनात एकच, की माझ्या अंगाला रक्त धरतच नाय, मी आतून फुटकी हाय, घागर असते तशी, आणि हे सगळं उगाच चाललंय, दाखले, स्टँपपेपर, यांची टाकीवरची बसणी.

त्याच आठवड्यात वाडीत लसीकरण होतं. देवळाच्या पडवीत सिस्टर डबा घेऊन बसली होती, बाया पोरं घेऊन रांगेत. सासू मुलीला मांडीवर घेऊन खांबाला टेकलेली. मला बघून सिस्टर म्हणाली, "काय गं, कॉलेजवाली. रंग का उतरलाय?"

मी चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली.

"कशाबरोबर घेतेस गोळी?"

"चहाबरोबर. रोज, भाकरी झाल्यावर."

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अगं सायन्सवाली ना तू? चहा नि लोखंडाची गोळी एकत्र घेतली तर अंगाला लागते कुठं ती, बरीचशी तशीच बाहेर. तीन आठवडे खत केलंस नुसतं."

बाया हसल्या. एक म्हणाली, "तरी म्हटलं हिच्या परसातली मिरची का वाढलीय." मीपण हसले असते, पण सिस्टर हसत नव्हती.

"आणि पोटुशी होतीस तेव्हा? तेव्हापण चहाच?"

आता आली वेळ असं वाटलं. चहा म्हटलं असतं तर सुटले असते. पण त्या डॉक्टरचं बघणं आठवलं.

"तेव्हा खाल्ल्याच नायत," मी म्हटलं.

"दर महिन्याला सही केलीस माझ्या वहीत."

"गोठ्याच्या कुडात खोचल्या सगळ्या."

रांगेतल्या बाया माझ्याकडं वळल्या. एक पोर तेवढं रडत होतं सुई टोचलेलं.

"कोणी सांगितलं तुला?" सिस्टरनं विचारलं.

"माझ्याच मनानं."

"खोटं बोलते बाय ती," सासू खांबापासून म्हणाली. "मी सांगितलं."

सिस्टर वळली. सासू मुलीच्या केसातून बोटं फिरवत होती, वर बघत नव्हती, आणि त्याच आवाजात, शेळ्यांशी बोलते त्या, सांगत गेली. "माझी थोरली. पहिलटकरीण, म्हायेरी आलेली. तुझ्या आदीची बाय गोळ्या द्यायची नि ही खायची, एक चुकवायची नाय, बाय सांगंल तसं. पोर मोठं झालं पोटात. अडली. डोलीत घातली, खांदेपालटीच्या दगडापाशी आलो तवा डोली खालनं गळत होती. दगडावर टेकवली. तिथंच. पोरपण नाय राहिलं. घोंगडी मी धुतली वड्यावर. मंग हिला कशी खाव देव मी?"

माझ्या नवऱ्याला एक बहीण होती नि ती बाळंतपणात गेली एवढं मला ठाऊक होतं. दगड ठाऊक होता, डोलीवाले तिथं थांबून खांदा बदलतात, म्हणून खांदेपालटीचा दगड. बसायला चांगला, रुंद. सासू तिथं कधी बसत नाय, पुढं जाऊन उभी राहते, हे मी तीन वर्षं बघत होते आणि मला वाटायचं तिला दम लागत नाय.

सिस्टरच्या हातात सुईचं टोपण होतं. ते तिनं सुईला लावलं. मग म्हणाली, "मावशी, हिला आता खाऊ दे. लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा तासभर आधी नको, तासभर नंतर नको." आणि पुढच्या पोराचा दंड धरला.

निघताना तिनं मला वाटेपर्यंत नेलं. डबा खांद्याला लावत म्हणाली, "सासूला लगेच काही सांगायला जाऊ नको. पण तू ऐकून ठेव. पोर अडायला शंभर कारणं असतात, गोळी त्यातली नाही. आणि जिच्या अंगात रक्त बरं असतं ना, तिला थोडा वेळ मिळतो. खाली पोचायपुरता." मग म्हणाली, "मावशींच्या पोरीचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. मी नव्हते तेव्हा." आणि उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू कोयता घेऊन गोठ्यात गेली, मला हाक मारली. "कुठं कुठं खोचल्यास ते दाखव." मी दाखवत गेले, ती कोयत्याच्या टोकानं शेण खरवडत गेली. पाकिटं निघाली, पत्रा काळा पडलेला, आतल्या गोळ्यांचा लाल रंग ओघळलेला. मुलगी मागं उभी, तिला ती चॉकलेटं वाटली, हात पुढं केला तर सासूनं तिला उचलून बाहेर ठेवलं, आणि माझ्या मनात आलं, ही कधी एकटी इथं आली असती तर. सगळी पाकिटं निघाल्यावर सासूनं ओंजळीत धरून बघितली. "एवढ्या," म्हणाली. मग लांब माळावर खोल खड्डा काढून पुरली, वर दगड ठेवला.

त्या दुपारपासून गोळी तिच्या ताब्यात. जेवण झालं की तांब्यातून लिंबाचं पाणी आणायची, समोर उभी राहायची, मी गिळेपर्यंत हलायची नाय. मग म्हणायची, "तोंड उघड."

"आई, मी काय पोर हाय का?"

"कुडात खोचणारी हायस. उघड."

लिंबं हे महाडवरनं जेवणाच्या डब्यात भरून आणायचे. उबवायला ठेवायची अंडी सासू मला उकडून घालायला लागली, खुराड्यापाशी जाऊन कोंबडीला काय तरी सांगायची आधी. नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, कुर्डूची भाजी. चहा मला दिसेल असा ठेवायची नाय. पाचव्या-सहाव्या दिवशी परसाकडं गेले तर सगळं काळं, मी घाबरून धावत आले, म्हटलं आतून काय तरी झालं. सासूनं ऐकून घेतलं, विचार केला.

"गोळ्यांनी काळं होतंय म्हणायच्या बाया, ते हेच काय?" म्हणाली. "आन् आमी समजलो पोर काळं होतंय."

हसली नाय. पण मी हसले, किती दिवसांनी, आणि मुलगी मी हसले म्हणून हसली.

वाडीतल्या दोन पोटुश्या बाया त्या दिवसांत पाणी भरायच्या निमित्तानं आमच्या दारात येऊन गेल्या. सासू त्यांच्याशी काय बोलली मला ठाऊक नाय. मी आत मुलीचे कपडे लावत होते.

तिसऱ्यांदा पोलादपूरला गेले तेव्हा ठरवलं, परत चढताना किती वेळा बसते ते मुद्दाम मोजायचं. चिठ्ठी आली दहा पॉइंट एक. डॉक्टरनं चष्मा वर केला.

"आता खाल्ल्यास," म्हणाला.

"आधीपण खात होते, चहाबरोबर. पण त्याच्याआधी, मूल पोटात होतं तेव्हा, खाल्ल्या नव्हत्या. तुम्हाला खाल्ल्या म्हटलं ते खोटं होतं. नि दम लागत नाय म्हटलं ते पण."

हे सांगायची काय गरज नव्हती, सही तो करतच होता. त्याचं पेन थांबलं.

"तिकडे वॉर्डात तुला रोज कोणीतरी खाल्ल्या म्हणून सांगेल," तो म्हणाला, आणि सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई ओली होती म्हणून मी कागद दुमडला नाय, एसटीत तसाच उघडा धरून आले. वर चढताना दोनदा बसले.

निघायचा दिवस. यांच्या डोक्यावर पेटी, माझ्याकडं पिशवी, सासूच्या कडेवर मुलगी. सासू वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत येणार असं ठरलं होतं, पण ती थांबलीच नाय, आमच्या मागं उतरत राहिली. खांदेपालटीच्या दगडापाशी हे पुढं गेले, पेटी जड होती. सासू दगडापाशी आली आणि बसली. आधी हातानं दगड झाडला, मग बसली, मुलीला मांडीवर घेतलं. मी उभीच.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. खाली हायवेवरनं ट्रक जात होते, आवाज वर यायचा तो बारीक. मुलगी दगडावरच्या शेवाळाला नखानं उचकटत होती.

"तुज्या तिथं मोठ्या बाया असतील शिकवायला."

"असतील."

"त्यांना विचार. गोळीनं झालं का म्हणून. थोरलीचं." मुलीला नीट मांडीवर ओढून घेतलं. "आन् गोळीनं नसंल झालं, तर मी तुला नको म्हटलं त्यात तुजंपण काय झालं असतं का, ते पण विचार."

मला पहिल्या अर्ध्याचं उत्तर ठाऊक होतं. दुसऱ्याचंपण, थोडं थोडं. जिभेवर आलं होतं, आणि तिचा हात मुलीच्या पोटावर होता, त्या हाताला अजून शेणाचा वास. मी म्हटलं, "विचारीन आई."

"आन् खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगू. तू सांगतेस तसं."

"नाय सांगणार तसं."

"व्हय," म्हणाली. मग मुलीला माझ्याकडं दिलं, मी घेतलं, मुका घेतला, परत दिलं, आणि ती रडायच्या आत उठले. पिशवी घेतली. वळून बघायचं नाय असं ठरवलं होतं, ते काय जमलं नाय. वळणावरनं बघितलं तर सासू अजून दगडावरच बसली होती, मुलीनं तिचं कानातलं मुठीत धरलेलं.

आज हॉस्टेलवर तिसरा दिवस. वर्ग सोमवारी सुरू. खोलीतल्या मुली माझ्याहून लहान हायत, मला ताई म्हणतात, भराभर इंग्रजी वाचतात. मी दुपारी जेवून लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घेते. समोर कोण उभं नसतं तरी गिळल्यावर तोंड उघडलं जातं.